जुनें विमान, नवें इंजिन

ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें मिग-२१ जातीच्या लढाऊ विमानांस आपल्या वायुदलानें समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ सालीं आपल्या देशांत आलेलें हें विमान बासष्ट वर्षें सेवेंत राहिलें. ज्या तरुणांनीं तें प्रथम उडविलें त्यांचे नातू एव्हांना कर्तेसवरते झाले असतील. आणि त्यांतला एखादा वायुदलांत गेला असेल तर त्यानेंही आजोबांच्याच जातीचें विमान उडविलें असेल, असें म्हणण्यांत फारशी कविकल्पना नाहीं. त्या दिवसापासून आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. विमान जुनें झालें तर त्याचें इंजिन तेवढें बदलून तें पुन्हां तरुण कां करीत नाहींत? श्रीगोंदें तालुक्यांत ज्याच्या घरीं ट्रॅक्टर आहे अशा मुलाच्या तोंडीं हा प्रश्न येणें अगदीं स्वाभाविक आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्यांत देशाचा पैसा, वैमानिकांचे प्राण आणि आपलें स्वावलंबन या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही तो मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकणें बरें. जुन्या विमानास नवें इंजिन बसविणें ही कल्पना मुळांत चुकीची नाहीं. मात्र ती वेळेवर केली तरच शहाणपणाची ठरते, आणि जें इंजिन बसवावयाचें तें आपल्याला स्वतः घडवितां, निदान उघडून दुरुस्त करतां येत असेल तरच तिचा खरा उपयोग. या दोन अटी सुटल्या कीं हा व्यवहार चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असा होऊन बसतो.

प्रथम यंत्राचा विचार करूं. आपल्या भागांत कुकडीच्या आणि घोडच्या पाण्यावर ऊंस व लिंबू करणारा शेतकरी विहिरीवरची मोटर लहान पडूं लागली म्हणजे मोठी बसवितो. पाइप मात्र जुनेच असतात. पहिल्या दिवशीं पाणी जोरानें येतें, सर्वांस आनंद होतो. पंधरा दिवसांनीं जोड उसवतो किंवा पाइपच फुटतो. नाकापेक्षां मोती जड झाला कीं असें व्हावयाचेंच. विमानाची गोष्ट याहून शतपटीनें नाजूक आहे. इंजिनाचें वजन बदललें तर विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो आणि तें हवेंत नाक वर काढूं लागतें किंवा खालीं घालूं लागतें. नव्या इंजिनास जास्त हवा लागत असेल तर पुढचीं हवेचीं तोंडें रुंद करावीं लागतात. मागची उष्णता वाढली तर शेपटीकडच्या पत्र्याची धातु बदलावी लागते. इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा, वैमानिकापुढील तबकड्या, सगळेंच नव्यानें जुळवावें लागतें. आणि हें सर्व झाल्यावर शेंकडों तास परीक्षेचीं उड्डाणें करून मगच तें वैमानिकाच्या हातीं देतां येतें. रस्त्यांत ट्रॅक्टर बंद पडला तर चालक खालीं उतरून बिडी ओढीत बसतो. आकाशांत ही सोय नाहीं.

दुसरी गोष्ट उन्हाची. जेट इंजिन पुढून हवा ओढून घेतें, ती दाबतें, तींत इंधन जाळतें आणि तप्त वायु मागें फेंकून त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें रेटतें. हवा जितकी दाट तितका रेटा जास्त. वैशाखांतली दुपार श्रीगोंद्याच्या वाचकांस वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. अशा वेळीं हवा पातळ झालेली असते आणि तेंच इंजिन कमी जोर दाखवितें. युरोपांतील थंड हवेसाठीं आंखलेलें यंत्र राजस्थानांत किंवा गुजराथेंत आलें म्हणजे थकल्यासारखें वागतें याचें कारण हें आहे. भार तोच, धांवपट्टी तीच, पण अंगांतलें बळ कमी.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे जग्वार विमान. इंग्लंड व फ्रान्स या दोन देशांनीं मिळून तें घडविलें. १९७८ सालीं आपण तें घेण्याचें ठरविलें आणि १९७९ सालीं पहिलीं विमानें अंबाल्यास उतरलीं. आपल्या वायुदलानें त्यास ‘शमशेर’ असें नांव दिलें. जमिनीलगत वेगानें जाऊन बाँब टाकण्याच्या कामीं हें विमान फार चांगलें. पण त्याचीं दोन ‘अडूर’ इंजिनें भारानें लादलेल्या विमानास उन्हाळ्यांत पुरेसा रेटा देत नाहींत, ही तक्रार जुनी आहे. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकांतच त्यास नवीं इंजिनें बसविण्याचा विचार सुरू झाला. अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचें एफ-१२५ हें इंजिन जुन्याहून हलकें व अधिक रेटा देणारें म्हणून पुढें आलें. मूळचीं इंजिनें करणारी रोल्स-रॉइस कंपनीही प्रथम स्पर्धेंत होती, ती मागें सरली. एकच विक्रेता उरला म्हणजे सरकारी नियमांची अडचण उभी राहते, तशी ती राहिली. चर्चा चालल्या, कागद हिंडले, वर्षें गेलीं, किंमत वाढली. आणि शेवटीं २०१९ सालीं खर्च झेपत नाहीं म्हणून हा बेतच सोडून देण्यांत आला.

त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. आमचें मत थोडें निराळें आहे. २०१९ सालीं बेत सोडला हें बरोबरच झालें. कारण तोंपर्यंत विमानांचे सांगाडे तीस-चाळीस वर्षांचे झाले होते, आणि सर्वांस इंजिनें बसवून होईपर्यंत पहिलीं बसविलेलीं विमानें निवृत्तीस टेकलीं असतीं. चूक झाली ती त्यापूर्वींच्या दहाबारा वर्षांत. दहा वर्षें आधीं ‘होय’ म्हटलें असतें तर तें शहाणपणाचें झालें असतें, आणि दहा वर्षें आधीं ‘नाहीं’ म्हटलें असतें तर तेंही शहाणपणाचेंच झालें असतें. दोहोंपैकीं कांहींच न म्हणणें हा मात्र सर्वांत महाग मार्ग होता. तहान लागल्यावर विहीर खणावी हें वाईट खरें, पण विहीर खणावी कीं न खणावी या वादांत तहान तशीच ठेवणें त्याहून वाईट. मधल्या काळांत जग्वारास नवें रडार व नवीं उपकरणें मिळालीं, आणि सुट्या भागांसाठीं फ्रान्सनें आपल्याकडील मोडीत निघालेल्या ३१ जग्वारांचे सांगाडे देऊं केले. एका जुन्या ट्रॅक्टरसाठीं दुसरा भंगारांतून आणून त्याचे भाग काढावे, तसाच हा प्रकार. आज जगांत जग्वार उडविणारें वायुदल आपलें एकटेंच उरलें आहे.

२०२५ सालीं मार्च, एप्रिल व जुलै या तीन महिन्यांत तीन जग्वार विमानें पडलीं. पहिल्या अपघातांत वैमानिक वांचला. जामनगरजवळ एक आणि राजस्थानांत चुरूजवळ दोन वैमानिक मृत्युमुखीं पडले. विमान पडलें कीं त्याचें खापर इंजिनावर फोडणें योग्य नव्हे; प्रत्येक अपघाताची चौकशी स्वतंत्र होते आणि तशीच ती व्हावयास पाहिजे. परंतु जुन्या यंत्रावर बसून जाणारा मनुष्य हा वीस-पंचवीस वर्षांचा कोणाचा तरी मुलगा असतो, एवढी गोष्ट हिशेबाच्या रकान्यांत कोठेंतरी लिहिलेली असावी असें आम्हांस वाटतें. आमच्या शाळेंतूनही दरवर्षीं कांहीं मुलें खडकवासल्याच्या प्रबोधिनीचीं स्वप्नें पाहतात. त्यांच्या आईबापांस हा प्रश्न परका नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. नाशकाजवळ ओझर येथें मिग विमानें बांधण्याचा कारखाना १९६४ च्या सुमारास उभा राहिला. त्या वेळीं यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशांत कोरापुटला आणि विजेचीं उपकरणें हैदराबादेस, अशी वांटणी करण्यांत आली. आपल्या देशांत सहाशेंहून अधिक मिग-२१ विमानें बांधलीं गेलीं. द्राक्षांच्या मळ्यांमधून ध्वनीहून वेगानें जाणारें विमान बाहेर पडतें, ही गोष्ट त्या काळच्या नाशिककरांस केवढ्या अभिमानाची वाटली असेल! परंतु अभिमानाच्या भरांत एक भेद विसरूं नये. परवाना घेऊन बांधणें निराळें आणि स्वतः योजून बांधणें निराळें. नकाशा दुसऱ्याचा असेल तर भिंत आपण बांधली तरी खिडकी हलविण्याची परवानगी त्याच्याकडेच मागावी लागते.

१९९६ सालीं १२५ मिग-२१ विमानांस नवें रूप देण्याचा करार रशियाशीं झाला. हेंच पुढें ‘बायसन’ म्हणून प्रसिद्ध झालेलें विमान. त्यास नवें रडार मिळालें, दूरवर मारा करणारीं क्षेपणास्त्रें मिळालीं, वैमानिकास शिरस्त्राणांतून नेम धरण्याची सोय मिळाली. आणि हें पुष्कळसें काम ओझरलाच झालें. इंजिन मात्र जुनेंच, आर-२५, राहिलें. म्हाताऱ्या माणसास नवा चष्मा दिला, हातांत नवी बंदूक दिली, पण छातींतलें हृदय तेंच. असें असूनही या विमानानें आणखी वीसएक वर्षें देशाची सेवा केली, आणि ता. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं विंग कमांडर अभिनंदन वर्धमान ज्या विमानांतून शत्रूच्या विमानांमागें गेले तें बायसनच होतें. तेव्हां अर्धी दुरुस्ती निरुपयोगी असते असें आम्ही म्हणत नाहीं. ती नाइलाजाची असते. आणि नाइलाजाचें नांव पुढें ‘आधुनिकीकरण’ असें पडलें म्हणजे मात्र मन उगाच स्वस्थ होतें.

मिग-२७ ची कथा याहून खिन्न करणारी आहे. तेंही ओझरलाच बांधलें गेलें, आणि त्याचें नांव ‘बहादूर’ ठेवलें होतें. पेडगांवचा बहादूरगड ज्यांच्या रोजच्या पाहण्यांतला आहे त्या आमच्या वाचकांस या नांवाची गंमत वाटेल. सुमारें चाळीस विमानांस नवीं उपकरणें देण्यांत आलीं, पण एकुलतें एक इंजिन वारंवार त्रास देत राहिलें. २०१० सालीं एका अपघातानंतर सगळीं मिग-२७ विमानें कांहीं काळ जमिनीवर ठेवावीं लागलीं, आणि ता. २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपूर येथें त्यांची सेवा संपली. ज्या विमानास एकच इंजिन असतें त्याचें नशीब सर्वस्वीं त्या इंजिनाच्या नशिबाशीं बांधलेलें असतें.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेचें बी-५२ हें अवजड बाँबफेकें विमान. त्यांतलें शेवटचें १९६२ सालीं बांधलें गेलें. या विमानास आठ इंजिनें असतात. २०२१ सालीं अमेरिकेनें अशा ७६ विमानांसाठीं रोल्स-रॉइस कंपनीचीं नवीं इंजिनें निवडलीं, आणि इ. स. २०५० च्या पुढेंही तीं विमानें उडवावीं असा तिचा बेत आहे. म्हणजे विमान जवळजवळ शंभर वर्षें जगणार! पण येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. बी-५२ चे पंख लांबरुंद व इंजिनें पंखांखालीं टांगलेलीं. तीं काढणें-घालणें लढाऊ विमानाच्या पोटांतलें इंजिन बदलण्याहून पुष्कळ सोपें. शिवाय तें विमान शांतपणें सरळ जातें. लढाऊ विमान हवेंत कोलांट्या घेतें, त्यामुळें त्याचा सांगाडा लवकर शिणतो. दुसरें उदाहरण त्याच देशाच्या एफ-१४ या नौदलाच्या विमानाचें. त्याचें पहिलें इंजिन ऐन वळणांत गुदमरत असे आणि त्यापायीं विमानें व माणसें गेलीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत त्यास दुसरें इंजिन बसविलें, तेव्हां तें विमान खऱ्या अर्थानें विमान झालें. तेथें सांगाडा अजून तरुण होता, म्हणून खर्च सार्थकीं लागला.

आकाशांतून क्षणभर जमिनीवर येऊं. आपल्या जिल्ह्याचें ठिकाण अहिल्यानगर, म्हणजे आपलें जुनें नगर, हें रणगाड्यांचें माहेरघर आहे. चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र तेथें आहे, आणि तेथील रणगाडा-संग्रहालय पाहून आलेल्या मुलांची संख्या आमच्या शाळेंत थोडी नाहीं. आपल्या सैन्यांतील टी-७२ हा रणगाडा ७८० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालतो. मार्च २०२५ मध्यें संरक्षण खात्यानें रशियाशीं २४ कोटि ८० लक्ष डॉलरांचा करार करून त्यासाठीं १,००० अश्वशक्तीचीं इंजिनें घेण्याचें ठरविलें, आणि तीं पुढें आवडी येथील कारखान्यांत बांधण्याची विद्याही करारांत मागून घेतली. हा व्यवहार आम्हांस जग्वारच्या व्यवहाराहून बरा वाटतो. रणगाड्याचें पोलादी अंग विमानाच्या अंगासारखें उड्डाणागणिक झिजत नाहीं, इंजिन बंद पडलें तर आंतील शिपाई आकाशांतून कोसळत नाहींत, आणि हातीं केवळ वस्तु न येतां ती घडविण्याची रीतही येते. अर्थात् रीत कागदावर येणें आणि हातांत उतरणें यांत पुष्कळ अंतर आहे, हें कोणताही सुतार किंवा लोहार सांगेल.

या अंतराची जाणीव श्रीगोंद्यानें तरी विसरूं नये. ज्यांचे वाडे आपल्या गांवांत आहेत त्या शिंद्यांच्या घराण्यांतील महादजी शिंदे यांनीं जुन्या मराठी फौजेस नवें इंजिनच बसविलें होतें, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. घोडदळ ही त्या फौजेची जुनी शक्ति. तिच्या जोडीस त्यांनीं १७८४ पासून द बॉयन् या सरदाराच्या हाताखालीं कवाइती पलटणी उभारल्या आणि आग्र्यास तोफा-बंदुकांचे कारखाने घातले. १७९० सालीं पाटण व मेडता येथें या फौजेनें जें यश मिळविलें त्यानें उत्तर हिंदुस्थान चकित झाला. परंतु पलटणींचे वरचे अंमलदार परके होते. १७९४ सालीं महादजी वारले, पुढच्याच वर्षीं द बॉयन् निघून गेला, आणि १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें तेव्हां परक्या अंमलदारांपैकीं पुष्कळांनीं दौलतराव शिंद्यांची चाकरी सोडली. खुद्द सेनापति पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच वर्षीं ऑगस्टांत नगरचा किल्ला पडला आणि सप्टेंबरांत असईची लढाई झाली. असईस शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफांपाशीं जें शौर्य दाखविलें त्याची साक्ष शत्रूनेंही दिली आहे. तोफा आपल्या होत्या, गोलंदाज आपले होते, रक्त आपलें होतें. हुकूम देणारी विद्या तेवढी उसनी होती. कोणी म्हणतील कीं इतिहासाचा आणि विमानांचा काय संबंध? आम्हांस तर तो सरळ दिसतो.

परवश इंजिनापायीं स्वतःचें चांगलें विमान कसें खुरटतें याचाही दाखला आपल्या घरांत आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. भीमेच्या खोऱ्यांत वालचंदनगर वसविणारे तेच हे गृहस्थ. त्या कारखान्यांत पुढें, तो सरकारी झाल्यावर, कुर्ट टांक या जर्मन योजकाच्या मार्गदर्शनाखालीं ‘मरुत’ हें लढाऊ विमान तयार झालें; ता. १७ जून १९६१ रोजीं त्यानें पहिली भरारी मारली. सांगाडा इतका सुबक कीं ध्वनीच्या दुप्पट वेगाची आकांक्षा त्यानें धरावी. पण ज्या ब्रिटिश इंजिनाच्या भरंवशावर तें आंखलें होतें त्याच्या वाढीचा खर्च ब्रिटिश सरकारनें उचलला नाहीं आणि आपणही उचलला नाहीं. मग लहान ऑर्फ्युस इंजिनांवर काम भागवावें लागलें. पुढें इजिप्तमध्यें तयार होत असलेलें एक इंजिन त्यास बसवून पाहण्याचा प्रयत्न झाला, आपलें एक विमान त्यासाठीं तेथें नेलें; १९६७ च्या युद्धानें इजिप्तचें कंबरडें मोडलें आणि १९६९ सालीं तेंही बारगळलें. १९७१ च्या युद्धांत लोंगेवालाच्या बाजूस मरुतनें चांगली कामगिरी केली, तरी तें जन्मभर अशक्तच राहिलें. त्या वेळीं जी रक्कम फार मोठी वाटली ती पुढच्या साठ वर्षांत परक्या इंजिनांवर खर्च झालेल्या पैशापुढें किती लहान असेल याचा हिशेब गणिताच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्यानें करून पाहावा.

मरुतच्या दैवानें आतां तेजसचा पाठलाग चालविला आहे. या विमानासाठीं ‘कावेरी’ हें इंजिन स्वदेशांत करण्याचें काम १९८९ सालीं मंजूर झालें. तें पुरेसा रेटा देईना आणि वजनानें भारी झालें, म्हणून २००८ सालीं त्याची तेजसपासून फारकत करण्यांत आली. तेजस अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या इंजिनावर उडतें. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्यें झाला आणि ९९ इंजिनांची मागणी त्याच वर्षीं ऑगस्टांत नोंदविली; पैकीं पहिलें इंजिन हातांत पडावयास मार्च २०२५ उजाडला. ता. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ओझर येथें तेजसच्या नव्या बांधणीशाळेचें उद्घाटन झालें व तेथें बांधलेल्या पहिल्या तेजसनें त्याच दिवशीं उड्डाण केलें, ही आनंदाची गोष्ट आहे. नाशिकचे कामगार विमान बांधूं शकतात यांत आतां कोणासही शंका उरलेली नाहीं. पण सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट पाहणें चालू, असा देखावा आपल्या देशानें अलीकडे पाहिला. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्यानें ओंजळ केव्हां पुढें येईल हें विचारूं नये असा जगाचा नियम दिसतो.

ओझरच्या कारखान्यापुढें आज हाच जुना प्रश्न सुखोई-३० विमानाच्या रूपानें पुन्हां उभा आहे. आपल्या वायुदलाचा हा कणा. त्यांतील ८४ विमानांस प्रथम नवें रडार व नवीं उपकरणें देण्याची योजना आहे. इंजिन मात्र जुन्याच जातीचें, एएल-३१एफपी, ठेवण्याचें ठरलें. सप्टेंबर २०२४ मध्यें अशीं २४० इंजिनें कोरापुटच्या कारखान्याकडून घेण्याचा २६ हजार कोटि रुपयांवरचा करार झाला. म्हणजे बायसनचीच पुनरावृत्ति, असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. या विमानाचीं दोन इंजिनें बळानें कमी नाहींत. कोरापुटच्या हातांस तीं परिचित आहेत. आणि करार पुरा होईपर्यंत त्यांतील स्वदेशी भाग शेंकडा ६३ पर्यंत नेण्याचें आश्वासन दिलें आहे. ओळखीचें, घरीं उघडतां येणारें, थोडें जुनें इंजिन हें अनोळखी, बंद पेटींतून आलेल्या नव्या इंजिनाहून आमच्या मतें पुष्कळदां श्रेयस्कर असतें. उरलेला शेंकडा ३७ भाग कोणता, हें मात्र विचारलें पाहिजे. कारण इंजिनाचा जो अगदीं गाभ्याचा भाग असतो तो वजनानें थोडा आणि विद्येनें फार असतो.

तो गाभा म्हणजे ज्वाळेच्या लगेच मागें फिरणारीं पातीं. तेथें वायूची उष्णता इतकी असते कीं ज्या धातूचीं तीं पातीं केलेलीं असतात ती धातुही त्या उष्णतेंत वितळावी. तरी पातें वितळत नाहीं, कारण त्याच्या पोटांत केंसासारख्या बारीक वाटा ठेवून त्यांतून थंड हवा खेळविलेली असते, आणि सबंध पातें निकेलाच्या मिश्रधातूचा एकच एक स्फटिक असतो. साखर कारखान्याच्या कढईंत साखरेचे असंख्य दाणे एकदम पडतात. तेथें सगळ्या रसाचा मिळून एकच दाणा पाडावयाचा अशी कल्पना केली म्हणजे हें काम किती कठीण आहे तें आमच्या भागांतल्या मुलांस लवकर समजेल. जगांत ही विद्या चारपांच देशांपाशींच आहे आणि तीं कोणी विकत देत नाहीं. दिली तरी अर्धी देतो.

म्हणून पालकवर्गास आमची विनंति आहे कीं मुलगा अथवा मुलगी विमानाची हौस दाखवूं लागली म्हणजे वैमानिकाचा गणवेश तेवढाच डोळ्यांपुढें आणूं नये. वैमानिक होणें भूषणाचेंच आहे. पण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किंवा पवईच्या संस्थेंत धातुविद्या शिकणें हीही त्याच सैन्याची चाकरी आहे, आणि तींत माणसांची उणीव अधिक आहे. धातुविद्येचें नांव काढलें कीं ‘त्यांत पुढें काय?’ असा प्रश्न घरोघर विचारला जातो. आमच्या अनुभवांत तरी हा प्रश्न विचारणारे पालक उत्तर ऐकण्यासाठीं थांबत नाहींत. उत्तर हैदराबादेस मिळण्यासारखें आहे. तेथील संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेनें एका हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठीं एकस्फटिकी पातीं स्वतः ओतण्याची रीत बसविली, आणि एप्रिल २०२१ मध्यें अशा साठ पात्यांचा पहिला संच हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या हवालीं केला. लढाऊ विमानाच्या इंजिनाचीं पातीं याहून मोठ्या तापांत फिरतात. तीं अजून व्हावयाचीं आहेत.